आईबाबांचं कॉलेज ऑप्शन फॉर्मवर कितव्या नंबरला?

कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्यस्तरीय केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, नोंदणी फॉर्ममध्ये आईवडिलांविषयी बरंच काही विचारतात. अधिवास कुठला, कुटुंबाचं उत्पन्न किती, केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत आहेत का. बाबा याच कॉलेजातून मेकॅनिकल होऊन बाहेर पडले, हे लिहायला मात्र कुठेच रकाना नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी पुण्याच्या सीओईपीत वेगळी जागा नाही, मुंबईच्या व्हीजेटीआयत नाही. खासगी कॉलेजलाही कॅपच्या जागेवर असं काही बघता येत नाही, कारण ती जागा राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलचा संगणक देतो. गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि मुलाने भरलेला पसंतीक्रम, एवढंच त्याला कळतं.

तरी ज्या घरात आई किंवा बाबा इंजिनिअर आहेत तिथे जून-जुलैत हा विषय निघतोच, आणि तो निघतो ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीची यादी, भरायला बसल्यावर. आम्ही घरी दोनदा आणि नात्यातल्या, सोसायटीतल्या मुलांबरोबर बऱ्याच वेळा या सगळ्यातून गेलो आहोत. मूल आईबाबांच्या कॉलेजात जाईल की नाही, हे त्याच्या मनावर ठरतं तेवढंच त्या फॉर्मवर कोणती ओळ कितव्या नंबरला पडली यावरही ठरतं. जेवताना झालेली भावनिक चर्चा विसरली जाते, पण कन्फर्म केलेला फॉर्म बदलता येत नाही. म्हणून पुढचं सगळं प्रक्रियेच्या ओघानेच लिहितो.

पहिला टप्पा नोंदणीचा. आईवडिलांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध खरोखर उपयोगी पडतो तो इथेच, पण तो कॉलेजमुळे पडत नाही. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि अधिवास किंवा जन्म महाराष्ट्रातला, तर उमेदवार टाइप ए. हे बसत नसेल, पण मुलाचा, आईचा किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल तर टाइप बी. सी महाराष्ट्रात नेमणूक असलेल्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, डी राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, आणि ई बेळगाव-निपाणीसारख्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी. बंगळुरू, इंदूर, हैदराबादला स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं पुण्या-मुंबईच्या कॉलेजात येतात ती बहुधा टाइप बीतून. अशा घरांत हमखास होणारी चूक म्हणजे वडिलांचं पुणे विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र अधिवासाचा पुरावा म्हणून जोडणं. चार वर्षं हॉस्टेलवर काढली म्हणून अधिवास सिद्ध होत नाही. तहसील किंवा प्रांत कार्यालयाचा दाखलाच लागतो. आईचा दाखला माहेरच्या नावाने असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंदही सोबत ठेवावी, नाहीतर पडताळणीत अर्ज परत येतो आणि दुरुस्तीत दोन-तीन दिवस जातात. परगावाहून दाखला काढायचा तर महिनाभर आधी सुरुवात करावी.

इतर कागद सगळ्यांना माहीत असतात, तरी दरवर्षी अडतं ते त्यांच्यावरच. नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. जात वैधता प्रमाणपत्र हातात हवं. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा, केंद्राच्या नमुन्यातला चालत नाही. पडताळणी घरबसल्या ई-स्क्रूटिनीने करता येते किंवा केंद्रावर जाऊन. कागदपत्रं साधी असतील तर घरूनच बरं. टाइप बी किंवा सीमाभाग असेल तर आम्ही केंद्रावर समोर बसून करून घेतो.

आता होम युनिव्हर्सिटीविषयी. आईबाबांचं कॉलेज आणि मुलाचा प्रवेश यांच्यामध्ये खरी अडचण इथे असते, आणि बहुतेक पालकांना ती कळते कटऑफची यादी उघडल्यावर.

अनेक कॉलेजांत राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, अशी विभागणी असते. टाइप ए मुलाचं होम विद्यापीठ तो बारावी जिथून झाला त्या जिल्ह्यावरून ठरतं. आता असं समजा, बाबा मूळचे साताऱ्याचे, बारावी तिथलीच, शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या कॉलेजात ७० टक्क्यांतून गेले. नोकरीसाठी पुण्यात आले, मुलगी पुण्यात शिकली. त्या कॉलेजच्या दृष्टीने बाबा घरचे होते आणि मुलगी बाहेरची आहे. ती ३० टक्क्यांच्या रांगेत उभी राहते. बाबांना हे पटत नाही, पण संगणकाला बाबा माहीतच नाहीत.

यादी वाचताना हे थेट दिसतं. प्रत्येक रकान्यावर एक कोड असतो, जीओपीईएनएच, जीओपीईएनओ, जीओपीईएनएस असे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर बघायचं: एच म्हणजे होम विद्यापीठाच्या जागा, ओ म्हणजे इतर विद्यापीठांतून येणाऱ्यांच्या, एस म्हणजे राज्यस्तरीय. शासकीय स्वायत्त संस्थांच्या ओळींत बहुतेक एसच दिसतो, म्हणजे तिथे साताऱ्याची मुलगी आणि पुण्याची मुलगी एकाच रांगेत. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत एच आणि ओ वेगवेगळे. कोडाखाली दोन आकडे असतात. वरचा राज्य गुणवत्ता क्रमांक, खालचा कंसातला पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत तो आकडा. आम्ही वरचाच बघतो. पेपर सोपा-अवघड झाला, बसणारी मुलं वाढली की पर्सेंटाइल हलतो, पण क्रमांकाची तुलना मागच्या वर्षाशी जास्त सरळ होते. एमआय हा रकाना अल्पसंख्याक जागांचा. मुंबईतल्या काही नावाजलेल्या कॉलेजांना गुजराती किंवा सिंधी भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे आणि तिथल्या ५१ टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी आहेत. मराठी घरातल्या मुलाने ‘माझ्या आईच्या वेळी तिथे सहज मिळायचं’ हे गृहीत धरून बसू नये.

कोचिंगसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन बारावी करणाऱ्यांचं आणखी वेगळं. राजस्थानातून बारावी झाली की टाइप ए गेलं, अधिवास दाखल्यावर टाइप बीत यावं लागतं. आणि आई नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजची असेल तर दुसरा फटका बसतो. १९६० साली सुरू झालेलं ते कॉलेज २००२ मध्ये एनआयटी, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, झालं, आता ते व्हीएनआयटी. तिथला प्रवेश राज्याच्या कॅपमधून होतच नाही. जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा आणि जोसा ही केंद्रीय संस्थांची सामाईक प्रवेश प्रक्रिया यांतून होतो. निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांना असतात, पण ‘महाराष्ट्राचं’ कोण हे तिथे बारावी कुठल्या राज्यातून दिली त्यावरून ठरतं, अधिवासावरून नाही. म्हणजे नागपूरची मुलगी कोट्याला बारावी करते तेव्हा आईच्या कॉलेजातल्या निम्म्या जागांवरचा हक्क ती दहावीनंतरच सोडून बसलेली असते. हे कोचिंगवाले सांगत नाहीत. अकरावीला नाव घालतानाच विचारून घ्यावं.

पर्सेंटाइलविषयी काही आकडे घरच्या फळ्यावर लिहून ठेवावेत. नव्वदच्या दशकात प्रवेश बारावीच्या पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) टक्क्यांवर व्हायचा. आज बाबा म्हणतात, ‘मला ९३ टक्के होते आणि मेकॅनिकल मिळालं, तुला ९५ आहेत, मग काय अडचण आहे?’ अडचण अशी की ९५ हे टक्के नाहीत. पीसीएम गटाला ३ लाख मुलं बसली असं धरलं तर ९५ पर्सेंटाइल म्हणजे पुढे साधारण १५,००० मुलं. ९९ म्हणजे पुढे ३,०००. ९९.९ म्हणजे ३००. शेवटच्या टप्प्यात दशांश चिन्हानंतरचा एक आकडा शंभरांनी माणसं पुढे-मागे करतो. परीक्षाही वेगळी आहे, सीईटी: फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे, एकूण २००, चुकीला गुण वजा नाहीत. हे एकदा मांडलं की ‘माझ्या वेळी’ने सुरू होणारी वाक्यं कमी होतात. बंद होत नाहीत.

कॉलेज तेच राहिलंय का, हाही प्रश्न विचारावा लागतो. इमारत तीच असते, बाकी बरंच बदललेलं असतं. सीओईपीची सुरुवात १८५४ ची, बाबांच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का आहे, आणि २०२२ पासून ती संस्था स्वतःच सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मुंबईचं यूडीसीटी (१९३३) आता आयसीटी नावाचं अभिमत विद्यापीठ आहे. हे फक्त इंजिनिअरिंगचं नाही. मुंबईतली एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत. तिथलीच केसी आणि एचआर ही कॉलेजं २०२० पासून एचएसएनसी विद्यापीठात. तिथून बीकॉम झालेल्या आईच्या पदवीवर मुंबई विद्यापीठ, मुलीच्या पदवीवर दुसरंच नाव. त्यात वाईट काही नाही, पण ‘आमचं विद्यापीठ’ म्हणून ज्या गोष्टी आई सांगते, म्हणजे पुनर्मूल्यांकन, एटीकेटीचे (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याचे) नियम, पेपरची पद्धत, त्यातलं काही मुलीला लागू पडत नाही. स्वायत्त कॉलेजात प्रश्नपत्रिका तिथलेच शिक्षक काढतात, अंतर्गत मूल्यमापनाला जास्त वजन असतं आणि वर्षभर हजेरी लावावी लागते. शेवटच्या महिन्यात गाईड वाचून निघणाऱ्यांचं ते कॉलेज आता राहिलेलं नाही.

शाखांची नावंही बदलली. आईने जी शाखा ‘सेकंड बेस्ट’ म्हणून घेतली होती तिचा कटऑफ आज वेगळ्याच जागी असतो. प्रॉडक्शन, मेटलर्जी, इन्स्ट्रुमेंटेशन इथे क्रम खाली घसरलेला दिसेल, कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्समध्ये गर्दी. घरात खरी ओढाताण इथे होते: आईच्या कॉलेजात सिव्हिल की दुसऱ्या कॉलेजात कॉम्प्युटर? पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येईल या आशेवर फॉर्म भरू नये. बदलाच्या जागा मोजक्या असतात आणि त्या पहिल्या वर्षाच्या गुणांवर जातात. तिथे वर येणारी मुलं तुमच्या मुलाइतकीच हुशार असतात.

फॉर्म भरायच्या आधी कॉलेज बघून यावं, आणि शक्यतो दोनदा. आईबाबांबरोबर एकदा गेलात की ते बोट क्लब, कँटीन, पायऱ्या आणि हॉस्टेलची ‘ती’ खोली दाखवतात. सीओईपीचा बोट क्लब १९२८ पासूनचा आहे, नदीकाठी उभं राहून तो दाखवावासा वाटणं साहजिक आहे. पण दुसऱ्यांदा मुलाने एकट्याने किंवा मित्राबरोबर जावं, सुट्टीचा दिवस टाळून. काय बघायचं? ज्या शाखेत जायचं तिच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत यंत्रं झाकलेली आहेत की चालू आहेत. विभागाच्या फळ्यावर वेळापत्रक आहे का आणि त्यात किती नावांपुढे ‘व्हिजिटिंग’ आहे. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं. मेसमध्ये एक जेवण जेवून बघावं. मुलींनी हॉस्टेलच्या परत येण्याच्या वेळेचा नियम लेखी विचारावा, कारण तोंडी नियम आणि लेखी नियम बहुधा वेगळे असतात.

प्लेसमेंटचा ‘हायेस्ट पॅकेज’ हा आकडा सोडून द्यावा. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीला, दिलेली माहिती प्रत्येक सहभागी संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये ठेवलेली असते. त्यात चार वर्षांच्या पदवीखाली त्या वर्षी किती मुलं उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराचं मध्यक किती, हे दिलेलं असतं. मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार. जाहिरातीत वरचा मुलगा असतो, आणि तुमचं मूल मधलं असण्याचीच शक्यता जास्त. एक उणीव आहे: ही माहिती शाखानिहाय नसते. ती विभागात जाऊन विचारावी लागते. टीपीओ, म्हणजे प्लेसमेंट अधिकारी, टाळाटाळ करत असेल तर चौथ्या वर्षाच्या मुलाला विचारावं, तो खरं सांगतो.

आईबाबांचं माजी विद्यार्थी असणं खरं उपयोगी पडतं ते इथे. पण बॅचमेटांना फोन करून फारसं हाती लागत नाही. ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्याच कॉलेजविषयी बोलतात आणि वर ‘आमचं कॉलेज सोडू नकोस’ म्हणतात. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच टाकावं: ‘सध्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला कुणाचा मुलगा, भाचा, पुतणी आहे का?’ दोन नंबर हमखास मिळतात. त्यांच्याशी मुलाला बोलू द्यावं, फोन स्पीकरवर न टाकता. तीन प्रश्न पुरतात: कोणते विषय प्रत्यक्षात कोण शिकवतं, पहिल्या वर्षी किती मुलं नापास होतात, आणि पुन्हा निवड करायची तर हेच घेशील का. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा किती वेळ गप्प राहतो तेही ऐकावं.

आता फॉर्म. २०२५-२६ पासूनच्या नियमांनी हा टप्पा आधीपेक्षा धोक्याचा केला आहे. कॅपच्या चार फेऱ्या असतात, ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर घ्यावं लागतं. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. नाही घेतलं तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. बाकी ठिकाणी मिळालेली जागा १,००० रुपये भरून स्वीकारता येते आणि बेटरमेंट निवडून वरच्या पर्यायांसाठी पुढे थांबता येतं. वरचं मिळालं की खालची जागा आपोआप जाते. स्लाइड, फ्लोट हे शब्द मोठी भावंडं वापरतात, ते आता विसरायचे. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका छापून घ्यावी आणि ‘ऑटो फ्रीज’चा, म्हणजे जागा आपोआप पक्की होण्याचा, परिच्छेद खुणेच्या पेनाने रंगवावा.

या नियमाचा आईबाबांच्या कॉलेजशी थेट संबंध आहे. ‘मिळणार तर नाहीच, पण बाबांच्या समाधानासाठी एक नंबरला टाकून देऊ’ असं दरवर्षी कुठेतरी होतं. मग पहिल्याच फेरीत ते मिळतं. मिळतं कारण त्या शाखेचा कटऑफ यंदा खाली आला, किंवा प्रवर्गाच्या जागा रिकाम्या राहिल्या. ज्याला दुसऱ्या कॉलेजात कॉम्प्युटर हवं होतं ते मूल बाबांच्या कॉलेजात बाबांच्याच शाखेला अडकतं, कारण एक नंबरला मानापुरतं असं काही नसतं. संगणकाने ते खरं धरलं. उलट प्रकारही आम्ही पाहिला आहे. मुलाने रागाने आईचं कॉलेज यादीतच घातलं नाही, चौथ्या फेरीत हाती आलेलं कॉलेज त्याहून बरंच खालचं निघालं, आणि आईच्या कॉलेजातली तीच शाखा त्याच्या क्रमांकाला सहज मिळाली असती हे नंतर यादीत दिसलं. राग यादीच्या खालच्या टोकाला काढावा. खाली टाकलेला पर्याय वरच्या पर्यायांना कसलाच धक्का लावत नाही.

आम्ही जी पद्धत वापरतो ती अशी. वहीची पानं उभी दुमडून दोन रकाने करायचे. डावीकडे मूल एकट्याने तीस पर्याय लिहितं, उजवीकडे आईबाबा तीस लिहितात, एकमेकांना न दाखवता. मग दोन्ही शेजारी ठेवायचे. बहुतेक वेळा वीसेक ओळी त्याच असतात, फक्त क्रम वेगळा. भांडण उरतं सात-आठ ओळींपुरतं, आणि त्यात आईबाबांच्या कॉलेजच्या दोन-तीन शाखा असतातच. त्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: पहिल्या फेरीत फक्त हेच मिळालं आणि घ्यावंच लागलं, तर चालेल का? मूल ‘हो’ म्हणालं तर ओळ आहे तिथे राहते. ‘चालेल, पण...’ म्हणालं तर ती सहाच्या खाली जाते. शेवटचा क्रम मुलाचा, आईबाबांना एक ओळ वर सरकवायची मुभा, तीही पहिल्या सहाच्या बाहेर.

चॉईस कोड दहा आकडी असतो. एकाच कॉलेजच्या कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटर-एआयच्या कोडांत एखाद-दुसऱ्या आकड्याचाच फरक दिसतो, म्हणून एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचा. टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागेचा, कोड वेगळा असतो आणि शेवटी टी असतो. उत्पन्न आठ लाखांखाली असेल तर हा कोड मूळ शाखेच्या कोडाबरोबर स्वतंत्रपणे भरावा लागतो, आपोआप लागत नाही. या जागा जेमतेम पाच टक्के, म्हणून त्यांचा कटऑफ वर असतो. मूळ शाखेच्या लगेच वर टाकावा. सगळं भरून झालं की ‘सेव्ह’ करून उठू नये. कन्फर्म केल्याशिवाय फॉर्म धरला जात नाही. कन्फर्म मुलानेच करावं, स्वतःच्या हाताने. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल बाबांकडे असला की रात्री साडेअकराला क्रम ‘जरासा’ बदलला जातो. असं कुठे झालं हे सांगण्यात अर्थ नाही. होतं एवढं खरं. कन्फर्म झाल्यावर पीडीएफ डाउनलोड करून मुलाच्या मेलवर ठेवावी.

आईबाबांचं कॉलेज खासगी असेल आणि कॅपमध्ये हुकलं, तर घरात पुढचं वाक्य येतं, ‘मॅनेजमेंटमधून बघू, माझी ओळख आहे.’ विनाअनुदानित कॉलेजांत २० टक्के जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. त्याही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादीनेच भरायच्या असतात. शासकीय कॉलेजात हा प्रकार नाही. इथे पैशांचा एक हिशेब राहून जातो. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. संस्थास्तरावर घेतला की माफी नाही. आईच्या कॉलेजसाठी चार वर्षांची फी खिशातून घालायची का, हे मुलीसमोर बसून ठरवावं, तिच्या पाठीमागे नको.

मुलं नको का म्हणतात? आमच्या अनुभवात कारणं अगदी साधी असतात. बाबांचा वर्गमित्र आता तिथे विभागप्रमुख आहे आणि हजेरी कमी झाली की घरी फोन येईल. कॉलेज घरापासून चार किलोमीटरवर आहे, त्यामुळे स्थानिक मुलाला हॉस्टेल मिळणार नाही आणि सुटकाही नाही. पहिल्या सत्रात गणितात लटकलं तर बाबांची एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, गोष्ट पुन्हा ऐकावी लागेल. शेवटचं कारण कुणी उघड बोलत नाही, पण खोलवर तेच असतं. हो म्हणणाऱ्यांची कारणंही तितकीच साधी: शाखा हवी ती आहे, फी परवडते, तिसऱ्या वर्षाच्या ताईशी बोलणं झालंय. बाबांचं कॉलेज म्हणून हो म्हणणारं मूल आम्हाला फारसं भेटलेलं नाही. ‘बाबांचं असलं तरी’ म्हणून घेणारी मात्र बरीच भेटली.

परदेशातल्या मराठी घरांत या विषयाचा सूर वेगळा असतो. अमेरिकेत कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीच्या एकाच सामाईक अर्जाच्या, फॉर्ममध्ये आईवडील कुठल्या कॉलेजात शिकले हे विचारलेलं असतं आणि काही खासगी विद्यापीठं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत आली आहेत. जॉन्स हॉपकिन्सने २०१४ मध्ये ते बंद केलं, एमआयटी ते धरतच नाही, आणि कॅलिफोर्नियाने कायदा करून २०२५ च्या सप्टेंबरपासून तिथल्या खासगी विद्यापीठांनाही मनाई केली. आपल्याकडून एमएसला गेलेले बहुतेक जण राज्य विद्यापीठांत शिकले, आणि बऱ्याच ठिकाणी आईवडिलांची पहिली पदवीच धरतात, त्यामुळे त्यांच्या मुलांना याचा फार उपयोग होत नाही. पुण्यातल्या कॉलेजचं नाव त्या रकान्यात लिहिलं जातं, एवढंच.

अकरावीचं थोडक्यात. राज्यभर ऑनलाइन प्रक्रियेत दहा पसंती भरता येतात आणि पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर घ्यावीच लागते. तिथेही आईच्या कॉलेजला वेगळा मार्ग नाही. इन-हाउस कोट्याच्या १० टक्के जागा त्याच संस्थेच्या शाळेतून दहावी झालेल्या मुलांच्या. म्हणजे कॉलेज हवं असेल तर शाळा त्या संस्थेची घ्यावी लागते, आणि तो निर्णय दहा-बारा वर्षं आधीच झालेला असतो. डॉक्टरांच्या घरातही तेच. नीट, त्यातला १५ टक्के अखिल भारतीय कोटा, आणि राज्याच्या जागांवरचा ७०:३० विभागीय कोटा २०२० मध्ये गेलेला. मिरजेच्या डॉक्टर बाबांना जो प्रादेशिक आधार होता, तो मुलीला उरला नाही.

जागा मिळाली, फ्रीज झाली, की कॉलेजात मूळ कागदपत्रांसह हजर व्हायचं. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवर्गाचे दाखले, सीईटीचं गुणपत्रक, अलॉटमेंटचं पत्र, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि फोटो अर्ध्या डझनापेक्षा जास्त. मूळ दाखले कॉलेजात ठेवून घेतले जाऊ शकतात, म्हणून आधी स्कॅन करून ठेवावेत. फी कोणत्या पद्धतीने भरायची हे आदल्या दिवशीच संकेतस्थळावर बघावं. काउंटरवर डीडी मागतात आणि बाहेर यूपीआयचा बोर्ड असतो, हे आम्ही पाहिलं आहे. त्या दिवशी बाबांना बाहेरच्या झाडाखाली उभं राहू द्यावं. आत एकाच कागदावर त्यांचं काम असतं: रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र. एक मुलाने भरायचं, एक पालकाने. त्यातही पालक कुठे शिकले असं विचारलेलं नसतं. आणि ते दरवर्षी नव्याने भरून द्यावं लागतं, तेव्हा त्याची एक प्रत फाइलमध्ये ठेवावी.